पेलाभर गाभ्याचा रस

केळीचा घड उतरवला की लोक झाड तोडून उकिरड्यावर फेकतात, याचा मला भारी राग. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत मी गृहविज्ञान शिकवलं तेही याच तावातावानं. केळफुलात लोह आहे, कच्च्या केळ्याच्या सालीत चोथा आहे, खोडाच्या पांढऱ्या गाभ्यात चोथा आणि वर पोटॅशियम. फेकता काय, खा की! घरी मोरीच्या पाण्यावर केळीची पाच-सहा झाडं होतीच. सालीची चटणी, केळफुलाची भाजी, गाभ्याच्या चकत्या ताकात टाकून केलेली कोशिंबीर, सगळ्याचा पहिला घास यांचा.

"मुळं तेवढी राह्यली, त्याची भाजी कवा करशील?" हे म्हणायचे आणि ताट साफ करायचे.

हे नोकरीतून निवृत्त झाल्यावर यांच्या पायांवर सूज दिसू लागली. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, किडनी कमजोर झाली आहे म्हणाले, गोंदियाला दाखवा म्हणाले. तिथली तारीख मिळेपर्यंत मी काय हातावर हात ठेवून बसणार? गाभ्याच्या रसानं मुतखडा पडतो, असं आमच्याकडे घरोघरी सांगतात. जे खड्याला चांगलं ते किडनीला वाईट कसं असेल? रोज सकाळी खोडाची सोपटं काढून मी गाभा किसायची, फडक्यातून पिळायची आणि पेलाभर रस यांच्यापुढे धरायची. हे नाक मुरडायचे, पण पेला रिकामा करायचे. महिनाभर असं चाललं.

मग एका सकाळी यांना उठून उभंच राहवेना, छातीत धडधड. मुलानं गाडी काढली, गोंदिया गाठलं.

"पोटॅशियम एवढं वाढलं कसं? काय खात होते हे?" डॉक्टरांनी मला विचारलं. कमजोर किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, रक्तात साठतं आणि हृदयावर येतं, असंही त्यांनी सांगितलं.

खाटेवरून हेच बोलले. "केळी खात होतो, साहेब. रोज चार-पाच. ही नको म्हणे, मी चोरून खाल्ली."

पिकलं केळं हा माणूस प्रसादापुरतंही तोंडात घालत नसे. डॉक्टरांनी यांना चांगलंच झापलं. मुलगाही चिडला. "बाबा, आई एवढं सांगते, काहून ऐकत नाही तुम्ही?" यांनी मान खाली घातली. मी पदराशी चाळा करत उभी राहिले. वर्गात घसा ताणून बोलणाऱ्या बाईला तेव्हा एक वाक्य फुटलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

घरी आल्यावर मी विचारलं, "खोटं काहून बोललात?"

"पोरासमोर तुले कोणी बोललेलं मले पाहवलं नसतं," हे म्हणाले आणि कूस बदलली.

चार महिन्यांनी हे गेले. रसानंच गेले असं कोणी म्हटलं नाही. मी कोणाला विचारलंही नाही.

परवा जेवताना मुलगा नातीला सांगत होता, "आजोबानं आजीचं ऐकलं असतं तर आज असते. केळ्यांच्या मागं लागले अन् गेले."

"सच में, आजी?" नातीनं विचारलं.

मी "हौ" म्हटलं. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझा शब्द एकदाही खाली पडू दिला नव्हता.