शेंदराखालचं नाणं

जुन्या नाण्यांच्या नादापायी मी जेवढा पैसा उधळला, तेवढ्यात ठाण्याला आणखी एक खोली झाली असती असं माझी बायको म्हणायची. ती जरा वाढवून सांगायची, पण फार नाही.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. ठाण्यात एका चाळीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आमचा संसार. पगार बेताचा. विडी नाही, पान नाही, बाहेरचा चहासुद्धा नाही, व्यसन एवढंच. पत्र्याच्या डब्यात कापसावर नाणी मांडून ठेवायची आणि रविवारी सकाळी भिंग घेऊन खिडकीशी बसायचं.

इतिहास शिकवणारा माणूस नाण्यांत फसणार नाही असं लोकांना वाटतं. अहो, तोच आधी फसतो! कल्याणला दुर्गाडीच्या किल्ल्याचा पाया खणताना द्रव्य सापडलं ही गोष्ट तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि मी तर ती दरवर्षी वर्गात तिखटमीठ लावून सांगायचो. एकदा कल्याणच्या बाजारात एका माणसाने फडक्यातून पिवळं नाणं काढलं आणि इकडेतिकडे बघत, हळू आवाजात, हे किल्ल्याच्या उतारावर खणताना मिळालंय म्हणून सांगितलं. माझं डोकं तिथेच फिरलं. घासाघीससुद्धा केली नाही. घरी आणून भिंगाखाली धरलं तर मागच्या बाजूला कडी तोडल्याची खूण. कुणाच्या तरी कोटाचं पितळी बटण होतं ते. बायको म्हणाली, द्या इकडे, तुमच्याच कोटाला लावून देते, एक तुटलंच आहे.

पुढे एका भांडीवाल्याकडे मोडीत आलेल्या तांब्याच्या शिवराया वजनावर घेतल्या, चांगल्या दीड शेर. वजनावर घेतोय म्हणजे आपण त्याला गंडवतोय अशा खुशीत मी होतो. घरी येऊन एकेक पुसून पाहिली तर सगळ्या झिजून गुळगुळीत, एकीवर धड अक्षर दिसेल तर शपथ. पुढे बरेच दिवस मुलं त्या भातुकलीत वापरत होती.

या खरेद्यांचा मला संताप यायचा, पण तो माझाच माझ्यावर. चारचौघांत सांगून हसता यायचं. जी खरेदी आजही मनाला खाते, तिच्यातलं नाणं मात्र अस्सल होतं.

बाजारपेठेतल्या एका सोनाराशी माझा तोंडी करार होता. मोडीत काही जुनं नाणं आलं तर मुशीत टाकण्याआधी मला दाखवायचं. लग्नसराई जवळ आली की त्याच्याकडे देवांची रांग लागे. घरात कार्य निघालं की देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे ते देवांच्या नि घराण्यातल्या वीरांच्या मूर्ती ठोकलेले चांदीचे पत्रे, सोनाराकडून उजळून आणायचे ही आपल्याकडची रीतच आहे. एक दिवस शाळा सुटल्यावर त्याने मला हाक मारून बोलावलं.

दुकानात एक तरुण बसला होता. घोडबंदर रोडच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावातला. घरची थोडी भातशेती, बाकी काम मिठागरात. लग्न त्याचंच ठरलं होतं. त्याने आणलेल्या टाकांत चिंचोक्याएवढा एक शेंदराचा गोळा होता. सोनाराने कडेला नख मारलं होतं, तिथून चांदी दिसत होती. मी डोळ्यांशी नेऊन पाहिलं. काठाला बारीक ठिपक्यांची ओळ आणि तिच्या आत एक ब्राह्मी अक्षर. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी सोनाराकडे त्याच्या मुलाबाळांची चौकशी सुरू केली.

तो तरुण म्हणाला की हा त्यांच्या घरचा वीर. कुणा पूर्वजाला मिठागराचा बांध घालताना सापडला. त्याच्यावर माणसाचं तोंड होतं म्हणून तोच घराण्याचा मूळपुरुष असं धरून देव्हाऱ्यात बसवला. याला उजळायचं नाही, चिंच लावायची नाही, असा त्यांच्याकडे दंडक होता. आईने बजावलं होतं की बाकीचे उजळ, याला फक्त सोबत ने आणि तसाच परत आण, कार्य असताना देवांची ताटातूट नको. पण पोराला त्या गोळ्याची लाज वाटत होती. सासरची माणसं शिकलेली, ती देव्हाऱ्यासमोर आली की काय म्हणतील? त्याला घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला, चकचकीत वीर हवा होता.

मी लगेच म्हटलं, नव्या टाकाची चांदी माझी, घडणावळही माझी, हा मला दे. विचारायचं म्हणून विचारलं, घरी चालेल ना? तो म्हणाला, आईला आता दिसतं कुठे. हे मी ऐकलं. चांगलं ऐकलं. आणि गोळा रुमालात बांधून घरी आलो.

तो गोळा एक दिवस तिळाच्या तेलात ठेवला, मग चिंचेच्या कोळात. शेंदूर एकदम सुटेना. वरचा थर केशरी, त्याखाली विटकरी, त्याखाली काळपट, पुन्हा त्याखाली तेलकट काळा. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर निघत होते आणि मी बायकोला सांगत होतो की बघ, किती मळ साठवतात लोक. शेवटी चेहरा उघडा पडला. धारदार नाक, झुपकेदार मिशी, डोक्याला घट्ट टोपी. पाठीमागे तीन कमानींचा डोंगर, वर चंद्र, बाजूला सूर्य, आणि गोल लिहिलेली अक्षरं, अमक्या राजाचा मुलगा तमका राजा. क्षत्रप राजांचं नाणं! सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचं! मी चाळीतल्या चौघांना बोलावून दाखवलं. बायको म्हणाली, मिशा छान आहेत.

दहा दिवसांनी, रविवारी दुपारी, तो तरुण दारात उभा राहिला. मान खाली. त्याच्या हाताला धरून त्याची आई. सोनाराकडे चौकशी करत करत पोचले होते. बाईला खुर्ची दिली तर ती जमिनीवरच बसली. चिडलेली नव्हती. पाण्याचा पेला बाजूला ठेवला आणि शांतपणे सांगायला लागली.

नवा टाक तिने देव्हाऱ्यात बसवू दिला नव्हता. हळद चार दिवसांवर आली होती. त्यांच्या घरात नवऱ्या मुलाला हळद लागायच्या आधी त्याने वीराला एक बोट शेंदूर लावायचा असतो. तिच्या नवऱ्याने त्याच्या लग्नात लावला होता. सासऱ्याने लावला होता, त्याच्या बापाने, त्याच्याही बापाने. प्रत्येकाने आपल्या बापाच्या बोटावर आपलं बोट टेकवायचं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. पोराचं लग्न बघायला बाप नाही, पण त्याच्या बोटावर तरी पोराचं बोट टेकेल, एवढ्यासाठी ती आली होती. नव्या टाकावर कुणाचंच बोट नाही, ती म्हणाली. त्याच्यापुढं हळद नाय लावायची मना.

मी मळ म्हणत होतो ते काय होतं, हे मला तेव्हा कळलं. खरं सांगायचं तर, नाणं हरवलं म्हणून सांगावं असंही एकदा मनात येऊन गेलं. पण मी उठलो, डबा उघडला आणि ते तिच्या तळहातावर ठेवलं. पैसे परत नकोत म्हटलं.

तिने ते डोळ्यांशी नेलं नाही. अंगठ्याने चाचपलं, उलटं केलं, पुन्हा चाचपलं.

"ह्यो कोन?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आई, हाच तुमचा वीर, फक्त स्वच्छ केलाय. आणि मग मी राजा, त्याचा बाप, डोंगर, चंद्र, सतराशे वर्षं, सगळं वर्गात सांगतो तसं सांगत सुटलो. तिने मला मधेच तोडलं नाही. माझं संपल्यावर नाणं हळूच फरशीवर ठेवलं.

"राजा आसंल. आमचा नाय." मग म्हणाली, "आन् तो शेंदूर धुतलास, त्याचा पानी कुठं टाकलास?"

पोरगा माझ्याकडे बघत होता, बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"मोरीत," मी म्हटलं.

ती उठली. भिंतीला हात लावत मोरीपर्यंत गेली आणि खाली बसली. आमच्याकडे धुण्याची बादली भरलेली होती, बायको गडबडीने पुढे झाली, फरशीवर चार तांबे ओतून जागा तरी स्वच्छ करावी म्हणून. म्हातारीने हात आडवा धरला. "नको बाय, आता पानी नको वतूस." मोरीच्या भोकाशी दगडावर तिने बोट फिरवलं, तिथे जे काय ओलसर लागलं ते, आणि पोराला जवळ बोलावलं. तो वाकला. तिने ते बोट त्याच्या कपाळाला लावलं, मग त्याचं बोट धरून त्याच दगडावर टेकवलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. पोरगा हमसून हमसून रडत होता. ती रडली नाही.

ते गेले तेव्हा नाणं फरशीवरच होतं. उचलायला मला लाज वाटली. संध्याकाळी बायकोने खरकटी भांडी मोरीत नेली नाहीत. टोपलीत भरून मागच्या विहिरीवर घासायला घेऊन गेली, आणि मी राखेचं डबडं घेऊन तिच्या मागून गेलो.