झुंबर खाली उतरतो

तुमच्या घरात घोरणारं कोण आहे? नाव आठवलं आणि हसू आलं ना? येणारच. घोरणाऱ्याची टिंगल फुकटात होते. झुंबरचीही सगळ्यांनी पोटभर केली.

झुंबर म्हणजे लोखंडाच्या कारखान्यातला क्रेनवाला. छताखाली रुळांवर सरकणारी क्रेन, तिला लटकलेली पत्र्याची केबिन आणि त्या केबिनमध्ये दिवसभर टांगलेला हा, म्हणून झुंबर. खाली उभं राहून हाताच्या खुणांनी ‘उचल, सरक, थांब’ सांगणारा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मेहुण्याने बोट हलवलं की टनांचा बोजा हलायचा, अशी जोडी.

पण हल्ली झुंबरला केबिनमध्ये डुलक्या लागत होत्या. रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबलेलं, डोकं जड. मेहुण्याच्या हे लक्षात आलं. मग साहेबांना सांगितलं का? छे! जोडीदाराची चुगली त्या शेडमध्ये कोणी करत नसे. त्याने एक सळई हाताशी ठेवली. खूण करूनही क्रेन हलली नाही, की तो खांबावर ठण्णकन हाणायचा. वर झुंबर दचकून जागा. बाकीच्यांना वाटे, ही दोघांची काहीतरी नवी खूण असेल. दोस्ती निभावली म्हणून मेहुणा खूश! अरे शहाण्या, बोजा लटकत होता कोणाच्या डोक्यावर?

घरी बायको म्हणायची, “अहो, कारखाना तिकडेच ठेवून येत जा. रात्रभर भोंगा चालू असतो.”

“कष्टाची झोप आहे ती,” झुंबर ऐटीत म्हणायचा. “गाढ लागते, म्हणून आवाज येतो.”

मग एक दिवस त्याच्या दाढेचा तुकडा पडला. बायको त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी इंजेक्शन देऊन हिरडी बधिर केली, दाढ कोरायचं मशीन सुरू केलं आणि हा गडी, तोंड उघडं ठेवून, चक्क घोरायला लागला!

बाईंनी हत्यार झटकन बाहेर काढलं. घोरणं अचानक थांबलं. छाती हलत होती, पण श्वास येईना. मग मोठा गचका, आणि पुन्हा भोंगा.

“घरीही असंच होतं?” बाईंनी विचारलं.

“हो की. मध्येच गप्प होतात. तेवढीच आम्हाला शांतता.”

“ती शांतता वाईट आहे, ताई. त्या वेळी यांचा श्वास अडतो. झोप सारखी मोडते, आणि यांना पत्ताही लागत नाही.”

बाईंनी त्याला उठवून पुन्हा तोंड तपासलं. दात घासून सपाट झालेले, जिभेच्या कडांवर दातांचे वळ, घसा अरुंद. “काम काय करता?”

“क्रेन चालवतो.”

बाईंनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं. “नक्की काय ते झोपेचे डॉक्टर तपासून सांगतील. चिठ्ठी देते. पण तोवर क्रेनवर चढायचं नाही.”

झुंबर भडकला. “दात दाखवायला आलो होतो, बाई. तुम्ही तर पोटावर पाय देताय!”

संध्याकाळी मेहुणा घरी आला. सगळं ऐकून बहिणीला म्हणाला, “ताई, तू कशाला घाबरतेस? मी आहे ना खाली. भावोजी पेंगले की खांब वाजवतो. एवढे दिवस तेच तर चाललंय.”

तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. “वर माझा नवरा झोपतो, खाली माझा भाऊ उभा राहतो, आणि तुम्ही दोघं घंटा वाजवत बसता? लाज नाही वाटत?”

झुंबरने मेहुण्याकडे पाहिलं. केबिनमधून त्याला फक्त मेहुण्याचे हात दिसायचे. आज त्याने त्याचं डोकं पाहिलं. विरळ होत चाललेले केस, कपाळावरची जुनी खोक.

सकाळी तो शिडी चढलाच नाही. थेट साहेबांपुढे उभा राहिला. “साहेब, वर मला झोप लागते. उपचार होईस्तोवर खालचं काम द्या.”

साखळ्यांना तेल लावायचं काम मिळालं. “झुंबर उतरलं रे! आता छत पडायला मोकळं,” पोरं टोमणे मारत. त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण वर चढला नाही.

झोपेच्या डॉक्टरांनी छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाशी नळी लावून रात्रीची तपासणी केली. श्वास अडत होताच. आजार मध्यम निघाला. हवा देणाऱ्या मशीनचा मुखवटा त्याला काही केल्या सोसेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुमच्या बाबतीत दातांवर बसवायची पट्टी चालू शकेल. डॉक्टरीणबाईंनी दातांचे साचे घेऊन ती करून दिली. रात्री घातली की खालचा जबडा जरा पुढे राहतो, जीभ मागे पडून वाट अडवत नाही.

सुरुवातीला सकाळी जबडा ठणकायचा, उशी लाळेने भिजायची. “एक बाळ वाढलं घरात,” बायको उशी वाळत घालताना म्हणायची. बाई पट्टी थोडी थोडी पुढे सरकवत राहिल्या. हळूहळू सकाळचं डोकं हलकं झालं. जेवणानंतरची पेंग गेली. पट्टी घालून पुन्हा तपासणी झाली आणि डॉक्टरांनी क्रेनवर जायला हरकत नाही म्हणून लिहून दिलं.

शिडीपाशी झुंबर थांबला. “पुन्हा पेंगताना दिसलो, तर काय करशील?”

“क्रेन थांबवीन आणि साहेबांना सांगेन,” मेहुणा म्हणाला. “शिव्या द्या हवं तर.”

“देणारच,” झुंबर म्हणाला आणि वर चढला.

आता तुम्हाला सांगतो. शेजारी घोरणारं माणूस मध्येच गप्प झालं, तर कूस बदलून झोपू नका. कान देऊन ऐका. श्वास अडतोय असं वाटलं, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. नाही म्हणालं तर भांडा, पण न्या.