पडद्याआडचा आवाज

पंचफुलामावशी इतकं हळू बोलायची, की ऐकायला वाकावं लागायचं. बाळंतिणींची मालीश करणारी बाई. महागावच्या कितीतरी लेकरांना घरची पहिली आंघोळ तिनंच घातलेली. "निजलेलं लेकरू अन् दमलेली माय, दोघायलेही आवाज सोसत नाही," म्हणायची. आमच्याच न्हाणीत तेवढा तिचा आवाज चढायचा. का, हे कळायला मला आठ वर्षं लागली. मी मोटारपंप दुरुस्त करतो. अक्कल जरा उशिराच येते.

आमची पहिली मुलगी नऊ महिने भरून पोटातच गेली. माझ्या बायकोसोबत, शोभासोबत, दवाखान्यात मावशीच होती. बाहेर येऊन तिनं पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली पोर माझ्यापुढे धरली. "पाहून घे रे एकडाव." सोबत आलेले माझे मामा म्हणाले, "पाहू नको, माया लागते." मी मान फिरवली. एरवी मोटार खोलून पाहिल्याशिवाय चैन न पडणारा मी. पण लेकीच्या तोंडावरचं फडकं काही बाजूला केलं नाही. तशीच नेली आणि बांधाजवळ पुरून आलो.

घरी आईनं झबली-टोपडी लपवून ठेवली होती. जो तो म्हणे, विसरून जा. शोभा घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी तेलाची वाटी घेऊन दारात हजर!

"आता कायले आली वो पंचफुला?" आई म्हणाली. "घरात लेकरू हाये का?"

"लेकरू नाही म्हणून बाळंतीण नाही का? दूध आलं ना तिले? थे कोनाले पुसून आलं?"

आई दारातून बाजूला सरली. मावशीनं शोभाचं पोट बांधलं, शेक दिला, आईला डिंकाचे लाडू करायला बसवलं आणि मला फर्मावलं, "पानी तूच तापवशीन. बापाचं काम हाये थे." बाप! त्या दिवसांत मला बाप म्हणणारी ती एकटीच.

सव्वा महिना रोज सकाळी मी न्हाणीबाहेरच्या चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या सारत बसायचो. पडद्याआडून मावशीचा आवाज यायचा, "केस काय होते वो पोरीचे! मानेवरी आलेले." शोभा विचारायची, "अन् बोटं, मावशी?" "लांबच लांब. पेटी वाजवली असती पोरीनं." कधी ओठ, कधी हनुवटीची खळी. रोज एकच गोष्ट, जास्त नाही. मला वाटायचं, शोभाला बिचारीला लेकरू पाहायलाही मिळालं नाही, म्हणून मावशीकडून मागून घेते आहे. धुराचं निमित्त करून मी डोळे पुसायचो. शोभाशी मात्र लेकीबद्दल एक शब्द बोललो नाही. पुढं मुलगा झाला, तेव्हाही नाही. तिला त्रास नको, म्हणे! खरं तर मीच भित्रा. अजूनही पऱ्हाटीचा धूर नाकात गेला, की ती पोर एकदा तरी पाहायला हवी होती असं वाटून जीव कासावीस होतो.

यंदा मावशीनं अंथरूण धरलं. ही गेली, की माझ्या लेकीचं तोंड पाहिलेलं कोणी उरणार नाही. दुकान बंद करून गेलो, खाटेजवळ बसलो.

"मावशी, मले एकडाव सांग ना. शोभाले सांगत होती तशी."

ती हसली. "येडा रे येडा! शोभाले कायले सांगू? तिनं त पोरीले अर्धा घंटा छातीशी धरलं होतं. मीच देल्ली होती तिच्याजवळ. तूच नोहोतं पाह्यलं."

"मंग थे रोजचं?"

"तुह्यासाठी. शोभाच म्हणे, 'थे आत येत नाहीत, काही विचारत नाहीत. मावशी, तू जराशी मोठ्यानं बोलत जा.' आता मले काहून विचारतं? घरी जा."

आठ दिवसांनी मावशी गेली. पण त्या दुपारी तिचं ऐकून मी सरळ घरी आलो होतो. शोभा अंगणात तूर निवडत होती. शेजारी बसलो.

"कशी होती वं आपली पोर?"

तिचे हात सुपातच थांबले. मग तिनं माझ्या डाव्या कानाला हात लावला.

"हा वरून दुमडलेला हाये ना, तसाच तिचा होता. हे मी मावशीले सांगू देल्लं नाही. म्हटलं, तुम्ही विचारसान तवा मीच सांगीन."