दोन गाठींचं फडकं

अकोल्यात मोर्णेच्या काठाला माळ्यांची चार-पाच घरं होती. बाकीच्या घरांना वांग्या-मिरच्यांचा आणि ओल्या मातीचा वास, मनकर्णाच्या घराला मात्र अडुळशाचा. कुणाच्या घरात खोकला शिरला की वैद्याकडे जायच्या आधी माणूस तिच्या ओट्यावर येऊन बसे. तिच्या हाताला गुण आहे असं कुणी म्हटलेलं तिला खपत नसे. गुण हाताला नसतो, फडक्याला असतो, असं ती ठणकावून सांगे. लोक हसत. हसणाऱ्यांचं तिला काही वाटत नसे, पण कुणी घाईघाईनं काढा गाळताना दिसलं की तिचं डोकं फिरे.

फडक्यांचं हे शास्त्र तिला सासूनं, पार्बताबाईनं शिकवलेलं. प्रत्येक पाल्याला वेगळं फडकं, आणि ओळखायला कोपऱ्यात गाठी. एका गाठीचं अडुळशाचं, तीन गाठींचं ज्येष्ठमधाचं. तुळशीला फडकंही नको, तिची पानं अख्खीच टाकायची, ती कासाराकडच्या भोकांच्या गाळणीतही अडकतात. सगळ्यांत नाजूक काम दोन गाठींच्या फडक्याचं. ते गावजबानचं. गावजबान बांधाबांधांवर आपोआप उगवतं, पान खरखरीत, आणि पानावर बारीक पांढरी लव, काट्यासारखी ताठ. वाळलेल्या पानाचा काढा छाती मोकळी करतो. पण ती लव काढ्यात उतरली तर घशाला टोचते, आणि बसत आलेला खोकला उलटा खवळतो.

म्हणून गावजबानला कोष्ट्याच्या मागावरचं, हातानं कातलेल्या सुताचं कापडच लागे. घेताना ते उन्हात धरून पाहायचं. ऊन आरपार आलं की नको म्हणायचं, मग कोष्टी कितीही रागावो. त्यात पाल्याची सैल पुरचुंडी बांधायची, कारण पान पाण्यात फुगतं, आणि घट्ट आवळलं तर आतलं कोरडंच राहतं. उकळी उतरलेल्या पाण्यात पुरचुंडी सोडून वर झाकण ठेवायचं. वर काढल्यावर पिळायची नाही, आपसूक निथळू द्यायची. काम झालं की फडकं उलटं करून झटकायचं, आधी नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचं, मग कोमट पाण्यात. रिठा लावायचा नाही, तो विणीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी काढ्याला फेस येतो. वाळवायचं ते कडक उन्हात, दगडावर.

आणि शेवटचा नियम असा, की पारख एकदाच करायची. कोष्ट्याचं कापड धुतलं की आटतं, वीण दाट होते, म्हणजे दिवसेंदिवस ते चांगलंच होत जातं. पारखून आणलेल्या सुनेवर आणि फडक्यावर रोज संशय घेऊ नये, असं पार्बताबाई म्हणे, आणि हे सुनेच्या तोंडावर म्हणे. मनकर्णाला ते फार आवडे. सासू गेली तरी तिनं हा नियम कधी मोडला नाही.

मग कापसाची ती वर्षं आली. दूर अमेरिकेत कुठे लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. ज्यांनी जन्मात वांगी-मिरच्यांपलीकडे काही पाहिलं नव्हतं तेही गाड्या जुंपून अमरावतीच्या बाजाराची बोली बोलू लागले. कातणाऱ्या बायका सूत कातायच्या ऐवजी कापूसच विकू लागल्या. पुंजाराम कोष्टी, ज्याच्या मागावरून मनकर्णाची सगळी फडकी आली होती, त्यानं सूत मिळेना म्हणून माग उभा करून भिंतीला टेकवला आणि तो कापसाच्या गाड्या भरायला जाऊ लागला. कापसाच्या मुलुखात कापडाचा तुकडा मिळेना, अशी ती गंमत होती. दोन गाठींचं फडकं तोवर विरून जाळीसारखं झालं होतं. मनकर्णा ते चार पदरी करून कसंबसं चालवी आणि रोज नवऱ्याजवळ कुरकुर करी.

नवरा सहदेव हा स्वभावानं मोठा गरीब माणूस. फारसं बोलायचा नाही, आणि बायको बोलत असली की ऐकत बसायचा. मळ्यातली विहीर आटत चालली होती, ती खोल करायची म्हणून एका हंगामापुरता तो अमरावतीला कामाला गेला. काम काय, तर दोरांनी टांगलेल्या मोठ्या थैल्यात उतरायचं आणि वरून पडणारा कापूस दिवसभर पायांनी तुडवायचा. तोंडाला पंचा बांधला तरी तंतू नाकात जायचेच. दिवाळीनंतर गेलेला सहदेव चैत्रात परत आला तो खोकतच. काखेत एक गाठोडं होतं. त्यातून त्यानं विलायती मलमलीचा तुकडा काढला.

"जुनं फडकं इरलं मने ना तू," तो म्हणाला. "पाय, हे कसं हाय. उनात धरून पाय."

मनकर्णानं अंगणात जाऊन ते उन्हात धरलं. इतकं पांढरं, इतकं दाट कापड तिनं हातात घेतलं नव्हतं. ऊन कुठूनही येईना. बोटांना ते जरा कडक लागलं, नवं आहे म्हणून लागलं असेल. तिला इतका आनंद झाला की तिनं तो लपवलाही नाही. सहदेव उंबऱ्यात बसून तिच्याकडे पाहत राहिला, आणि पाहता पाहता त्याला खोकल्याची उबळ आली.

पहिल्यांदा धुतलं तेव्हा पाणी पेजेसारखं पांढरं झालं. वाटेची धूळ असेल, असं तिनं मनात म्हटलं. दुसऱ्यांदाही थोडं झालंच. विलायती कापडाला दाटपणा येतो तो पिठाच्या खळीनं, आणि खळ गेली की मागे उरतो तो विरळ सांगाडा, हे तिला कोण सांगणार? कोष्ट्याचं कापड ती रेघ न् रेघ ओळखत होती. हे कापड कुणाच्या हातचं, कुठलं, याचा तिला पत्ता नव्हता. तिनं कोपऱ्याला दोन गाठी मारल्या. पारख झाली होती. पुन्हा उन्हात धरायचा प्रश्न नव्हता.

उन्हाळ्यात खोकल्याची माणसं थोडी येत, आणि आली तर त्यांना अडुळसा पुरे. दोन गाठींचं फडकं जवळजवळ एकट्या सहदेवाच्याच कामी येऊ लागलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ ती त्याला काढा करून देई. पहिले काही दिवस त्याला बरं वाटलं. मग खोकला पुन्हा उसळला, आणि आता त्यात एक कोरडी, खरवडल्यासारखी खेच आली.

वैशाखातली गोष्ट. ती वांग्याच्या रोपांना पाणी देत होती, तो पेला घेऊन बांधावर बसला होता. अर्धा पेला पिऊन त्यानं तो खाली ठेवला.

"यात काईतरी टोचते गळ्याले," तो म्हणाला.

मनकर्णानं मान वळवून पाहिलंही नाही. उन्हाचा कडाका होता, पाटाचं पाणी दुसरीकडे फुटलं होतं, कंबर मोडून आली होती.

"काढा नाई टोचत, तुमचा खोकला टोचते," ती म्हणाली. "तुमीच आनलेलं फडकं हाय. पेऊन घ्या गुमान."

त्यानं पेला उचलला आणि उरलेला काढा पिऊन टाकला. त्यानंतर तो या बाबतीत एक शब्दही बोलला नाही. तिनं पेला पुढे करावा आणि त्यानं तो रिकामा करून परत द्यावा. पिऊन झालं की तो मळ्याच्या पार पलीकडच्या कडेला, चिंचेखाली जाऊन बसे. तिथून त्याचं खोकणं घरात नीट ऐकू येत नसे. मनकर्णाला वाटलं, सावलीला जातो. आणि खोकला हटेना म्हणून तिनं तीनदाचा काढा चारदा केला.

श्रावणात सहदेव गेला. गावानं सांगितलं, कापूस छातीत बसला. त्या दोन-तीन वर्षांत तसे आणखी गेले होते, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

तेरावं झाल्यावर मनकर्णा फडकी धुवायला नदीवर गेली. उघाड पडली होती. एका गाठीचं झालं, तीन गाठींचं झालं. दोन गाठींचं तिनं उलटं केलं, झटकलं, आणि वाऱ्यानं ते तिच्या तोंडासमोर उडालं. त्यातून तिला नदी दिसली. पलीकडचा काठ दिसला, काठावरची म्हैस दिसली. तिनं हात फडक्याच्या मागे धरला तर पाची बोटं दिसली, बोटांवरच्या रेघासुद्धा. ती कितीतरी वेळ तशीच गुडघाभर पाण्यात उभी होती.

घरी येऊन तिनं उरलेलं गावजबान त्या फडक्यात बांधलं, सैल, शिकवल्याप्रमाणे. उकळी उतरलेल्या पाण्यात सोडलं. झाकण ठेवलं. पेला भरून उंबऱ्यात घेऊन बसली. पहिल्या घोटाला काही कळलं नाही. तिसऱ्या घोटाला घशात आत, जिथे बोट पोचत नाही तिथे, काहीतरी टोचलं, आणि ते गिळलं तरी जाईना. ती खोकू लागली. डोळ्यांतून पाणी आलं. धडधाकट बाई ती, तिची ही गत. तिनं पेला खाली ठेवला नाही. सगळा प्यायली. मग ती मोठ्यानं रडली, नवरा गेला त्या दिवशीही रडली नव्हती इतकी.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, आणि पुंजारामानं भिंतीचा माग पुन्हा मांडला. पहिला तुकडा मागायला मनकर्णाच गेली. तिनं त्याला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. म्हाताऱ्यानं मागाचा धोटा बाजूला ठेवला. मग म्हणाला, विलायती कापडाला खळ असते, त्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. आणि तिच्याकडे पाहून घाईघाईनं असंही म्हणाला, की सहदेवाला कापसानं नेलं, काढ्यानं नव्हे. मनकर्णानं वाद घातला नाही. कापसानं किती आणि काढ्यानं किती, हे तिला कळणार नव्हतं, त्यालाही नव्हतं. जन्मभर ते असंच अर्धवट छातीत घेऊन तिला राहायचं होतं.

लोक पुन्हा ओट्यावर येऊ लागले. आता मनकर्णा प्रत्येक फडकं धुतल्यावर दर वेळी उन्हात धरी. कुणी म्हणे, नवरा गेल्यापासून बाईचं डोकं जरा सरकलं. आणि आणखी एक नवी रीत तिनं लावली. काढा कुणाचाही असो, पहिला पेला ती स्वतः पिऊन संपवी, थोडी थांबे, आणि मगच आजाऱ्याला देई. लोकांना वाटे, तो काहीतरी नेम असेल.

एकदा शेजारची वच्छला खोकणाऱ्या लेकीला घेऊन आली. पोरगी मांडीवर कण्हत होती आणि मनकर्णा आपली सावकाश पेला पीत बसलेली. वच्छलाला राहवेना.

"काकी, पोरगी इथं खोकून राहिली," ती म्हणाली. "तुमी कावून पेता आधी?"

मनकर्णानं शेवटचा घोट गिळला, गळ्यावर हात ठेवून जरा वाट पाहिली. मग दुसरा पेला भरून पोरीपुढे धरला.

"एकानं सांगतलं होतं मले, टोचते मनून," ती म्हणाली. "मी आयकलं नाई."

पोरीनं घोट घेतला. मनकर्णा तिच्या तोंडाकडे पाहत होती. "टोचते का गं?" तिनं विचारलं. पोरीनं मान हलवून नाही म्हटलं, तरी तिनं पुन्हा एकदा विचारलं.