आडवं वल्हं

पडदा वर जातो. समोर तलाव, पाणी अजून झोपेत, काठाला दाट लव्हाळी. डावीकडून दोन कयाकांचा प्रवेश. पुढच्या कयाकमध्ये एकटी धाकटी जाऊ. मागच्या दोन जागांच्या कयाकमध्ये वल्हं मारणारी थोरली, आणि तिच्यापुढे सामानासारखी ठेवलेली मी, त्यांची शेजारीण.

थोरली चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. काच घासायची, फ्रेमला लावून बघायची, पुन्हा घासायची. पाण्याचा नाद मूळ तिचा. खंड्या कुठल्या फांदीवरून सूर मारतो, पाणकावळा पंख कुठे वाळवतो, सगळं तिला पाठ. धाकटीला तिनेच हौसेने पाण्यावर आणलं, आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण धाकटीला आल्या आल्या पाणमांजर दिसलं. थोरलीला इतक्या वर्षांत शेपटीचं टोकही नाही. मग धाकटीला ते पुन्हा दिसलं. घरी तिने हातवारे करून सांगितलं, सासूबाईंनी परत सांगायला लावलं. थोरली माझ्याकडे येऊन धुमसत बसली.

"तिच्या चष्म्याच्या काचा मीच बसवल्यात," एवढंच म्हणाली.

पाण्यावर त्या दोघींचा नियम होता. काही दिसलं की बोलायचं नाही. वल्हं मांडीवर आडवं ठेवायचं आणि हनुवटीने दिशा दाखवायची. बाकीच्यांनी श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

त्या सकाळी धाकटी सारखी पुढे पुढे. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. दिसलं काहीच नव्हतं, तरी तिने वल्हं आडवं केलं, हनुवटी लव्हाळ्यांकडे वळवली. एकदा तरी धाकटीला आपल्या इशाऱ्यावर थांबवायचं होतं. धाकटीने वळून इशारा पाहिला, थिजली आणि लव्हाळ्यांकडे बघू लागली. मीही खुळ्यासारखी लव्हाळ्यांत डोळे घालून बसले.

आणि माझ्यामागे थोरलीचा श्वास अडकला. मी वळून पाहिलं. जन्म रंगमंचावर गेला माझा, पण असा चेहरा कुणाला करता आला नसता.

"पाणमांजर," ती धाकटीकडे बघत पुटपुटली. "तुझ्या पाठीमागे होतं. उताणं, तोंडात मासा."

दोन्ही कयाकांच्या मधल्या पाण्यावर आता नुसती वर्तुळं उरली होती.

धाकटी हसली. प्रेमानेच हसली, म्हणून जास्त लागलं. ताई, तुम्ही तर लव्हाळ्यांत दाखवलंत, मग ते इकडे कसं येईल? मासा उसळला असेल एखादा. भास होतो कधीकधी.

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मला साक्ष द्यायची फार इच्छा होती, पण मी काही पाहिलंच नव्हतं. आता थोरलीला खोट्या इशाऱ्याची लाज राखायची तर पाणमांजर सोडावं लागणार होतं. वर्तुळं विरली. मग धाकटीच्या नजरेला नजर न देता ती बोलली.

"लव्हाळ्यांत काही नव्हतं गं. जळत होते म्हणून तुला खोटंच थांबवलं. हे कबूल करतेय, आता माझं पाणमांजर तरी खरं मान."