तीनच्या वरचे फोटो बाद

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शाळेची बस चालवतात. चोवीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. खोड एकच, आकाशाचे फोटो काढायचे. गच्चीवर दुर्बीण मांडायची, तिला कॅमेरा जोडायचा आणि एकाच जागेचे शंभरेक फोटो घ्यायचे. मग रविवारी जेवणं झाली की त्यातले चांगले निवडत बसायचं. ताई म्हणते, "भाजी निवडायला सांगितली की मात्र यांची कंबर धरते."

निवडायचं काम हलकं व्हावं म्हणून मीच त्यांना एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. फोटोतले तारे किती पसरलेत ते मोजून ते प्रत्येक फोटोला आकडा देतं. तारा जितका रेखीव, तितका आकडा लहान. तीनच्या वर गेला की फोटो बाद. पहिल्या वर्षी शंभरातले ऐंशी पास व्हायचे.

यंदा आधी साठ बाद झाले, मग नव्वद. दाजी भडकले. "तुझं हे डबडं बिघडलंय," म्हणाले. एका रविवारी मी सहज सेटिंग उघडलं, तर तीनची मर्यादा त्यांनी गुपचूप साडेपाच करून ठेवलेली. मला हसू आलं. पण फोकस दाजी हाताने लावतात, पडद्यावर तारा बघून, हे आठवलं आणि हसू विरलं.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मी म्हटलं, आज फोकस मी लावतो. आकडा आला दोन पॉइंट सहा. मग त्यांना लावायला सांगितलं. बराच वेळ चाक फिरवून ते म्हणाले, "हां, आता बरोबर." पाच पॉइंट एक. दुर्बीण तीच, तारा तोच. दाजींनी दुर्बिणीला झाकण लावलं.

"तुझ्या ताईला बोलू नकोस," ते म्हणाले. "रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय."

मी मान डोलावली. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, त्याला "तुम्हाला दिसत नाही" असं तोंडावर सांगायला माझी जीभ रेटेना.

सोमवारी मात्र मुलीला मीच स्कूटरवरून शाळेत सोडलं. एरवी ती दाजींच्याच बसने जाते. बायकोला म्हटलं, त्या बाजूला काम आहे. मंगळवारीही तेच. खोटं कशाला बोलू, लाज वाटत होती. तरी सोडत होतो.

बुधवारी दाजींची बस दारात थांबली. आमचा पहिलाच थांबा, त्यामुळे बस रिकामी. मी हेल्मेट चढवत होतो, मुलगी मागे बसलेली. दाजी खाली उतरले. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझी तेवढी काढून घेतलीस," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि बाकीची एकतीस?"

दाजींनी बसची किल्ली माझ्या हातात कोंबली, वर स्वतःचा मोबाइल ठेवला.

"शाळेत फोन लाव. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणावं. मला नंबर दिसत नाही."