एकविसावे शून्य

गादीतला अर्धा कापूस अंगणात आणि अर्धा भोंगेकाकांच्या केसांत, अशा अवस्थेत संध्याकाळचे सहा वाजायला आले. काका हातातले तसेच टाकून समोरच्या आरोग्य कार्यालयात पळाले. साथ आल्यापासून रोज सहाला भोंग्यावरून नवे रुग्ण किती ते सांगायचे, हे त्यांचे काम. पहिल्या दिवशी एक, मग नऊ, एकदा तर एकशे चार, मग देवाच्या कृपेने उतरण. राज्य एवढेसे, की इथे भोंगा वाजला की शेजारच्या राज्यातही कान टवकारायचे.

सात महिन्यांपूर्वी काकू माहेरी गेल्या आणि त्याच दिवशी सीमेवरचा नाका बंद झाला. माहेर नाक्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण हुकूम तो हुकूम. सलग एकवीस दिवस शून्य आले तरच नाका उघडणार होता. आज एकविसावा.

काकांनी घसा खाकरला, "आजचे नवे रुग्ण" म्हणाले, आणि कापूस नाकात गेला. शिंक अशी, की समोरच्या छपरावरची कबुतरे उडाली. एवढ्यावरही निभावले असते. पण घडेल ते जाहीर करायची सात महिन्यांची सवय. जीभ पुढे गेलीच. "एक शिंक. पुरुष, वय अठ्ठावन्न, राहणार कार्यालयासमोर."

झाले. राज्याने पटापट खिडक्या लावून घेतल्या. कार्यालयातल्या डॉक्टरीणबाईंनी काकांच्या नाकात तपासणीची काडी घातली, त्याने आणखी तीन शिंका आल्या. त्या मात्र काकांनी गिळून टाकल्या. अहवालाला तासभर लागणार होता. काका बाकावर बसून देवाला विनवत होते, की बाबा रे, आजार द्यायचाच असेल तर उद्या दे, आजचा दिवस सोड.

फोन वाजला. काकू.

"शिंक ऐकली मी. रुमाल कुठे होता?"

"कापूस गेला गं नाकात."

"कसला कापूस? माझी गादी उसवलीत?"

"तू येणार म्हणून नीट करत होतो."

काकूंनी गादीचा विषय सोडला. मग म्हणाल्या, "अहो, दुपारपासून नाक्यावर येऊन बसलेय मी."

अहवालाची चिठ्ठी आली. आकडा आधी भोंग्यावर, मग इतरांना, हा नियम. काकांनी घडी उघडली आणि आकडा तीनतीनदा वाचला. डॉक्टरीणबाईंनी कोपराने ढोसले तेव्हा म्हणाले, "शून्य." आणि लगेच, सगळ्या राज्याला ऐकू जाईल असे, "अगं, ये आता."

नाक्यापासून घर पंधरा मिनिटांवर. सात महिने न घासलेली मोरी काकांच्या डोळ्यांपुढे आली. भोंगा बंद करून ते तडक कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाले, फिनेलची बाटली आणायला.